सामाईक भिंत

आधी वाटलं, फोडणी उडाली असेल.
डब्यांच्या फळीखाली पंजाएवढा पिवळसर डाग.
पुसला. गेल्यासारखा झाला.
चार दिवसांनी परत तिथेच, जरा अंग धरून,
माहेरी राहून आल्यासारखा.

मग रंगाला फुगे आले.
बोटाने दाबावं तर आत सगळं भुसभुशीत,
पोपडा थेट कणकेच्या परातीत.
पांढरी पूड सुटायला लागली विटांमधून.
"लोणा लागलाय," आमचे हे म्हणाले आणि पेपर उलटला.
मी जिभेला लावून पाहिली, कुणाला सांगू नका.
खारट, पण मिठासारखी नाही.

पापड नरमले. हिंगाचा दगड झाला.
पिंपळगावच्या द्राक्षांच्या खोक्याचा पुठ्ठा
कापून उभा केला डब्यांच्या मागे,
त्यावर छापलेला हिरवागार घड.
आठवड्यात घडालाही बुरशी.

बरं, पावसाळा म्हणावा तर मार्च.
गच्चीवर कुरडया कडकडीत वाळतायत
आणि आत भिंतीला घाम.

सिडकोतलं घर. दोन घरांत एकच भिंत.
अलीकडे माझा ओटा, पलीकडे शिरोडेबाईंची मोरी.
बोलणं बंद, सहा वर्षं.
कारण काय, तर मोटर.
साडेसहाला पाणी येतं,
त्या थेट नळालाच मोटर लावतात
आणि आमच्या नळाला नुसता खोकला.
मी म्हटलं होतं, भर गल्लीत उभं राहून,
"आमच्या वाटचं पाणी ओढताय तुम्ही."
वाक्य चांगलं जमलं होतं.
अजून आठवलं की बरं वाटतं,
मग जरा वेळाने नाही वाटत.

गावित मिस्त्री आले, पेठकडचे.
भिंतीला कान लावला, टिचक्या मारल्या,
इथे टणक, इथे बद्द.
"रंगवू नका, ताई. रंग म्हणजे तापावर पावडर."
छिन्नी चालली. गिलावा, विटेचा लाल चुरा,
मग एक गंजका पाइप,
घरं बांधली तेव्हाचा.
सांध्यातून थेंब. थांबून पुन्हा थेंब.
"हा कुणाचा?"
"भिंतीचा," मिस्त्री म्हणाले.

मी मोजत बसले. मिनिटाला अकरा.
ज्या पाण्यासाठी सहा वर्षं धरून बसले
ते येतच होतं की,
मोटरीशिवाय, विटाविटांतून वाट काढत,
माझ्या ओट्यापर्यंत.
आणि मी त्याच्यासमोर पुठ्ठा उभा केला.

शेवटचा घाव जरा जास्त बसला.
लिंबाएवढं भोक, पलीकडचा उजेड,
साबणाचा वास, बादली सरकल्याचा आवाज,
मग एक डोळा,
चष्म्यामागचा, काडीला दोरा गुंडाळलेला.
"फोडली का भिंत?"
सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.
"पाइप गेलाय," मी म्हटलं. "दोघींचा."
डोळा थोडा वेळ तसाच राहिला.
"मोटर बंद करते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्याच भोकातून
गुंडाळी केलेले साडेआठशे रुपये आले,
अर्धा खर्च, नोटा किंचित दमट.
दार दहा पावलांवर होतं.
दोघींनाही ते सुचलं नाही.

भोक बुजलं. मोटर परत सुरू झाली,
साडेसहाला, घर्रर्र.
हल्ली पावणेसातला थांबते.
कधीकधी सातला. मी घड्याळ बघते,
बोलत नाही.

मिस्त्री जाताना म्हणाले होते,
"घाई करू नका. भिंत बाहेरून लगेच सुकते,
आतून वेळ घेते. हात लावून बघत जा."

रात्री गॅस बंद केला की लावते तळवा
त्या न रंगवलेल्या ठिगळावर.
काल लावला.
अजून गार आहे.